ल्युसर्नच्या सोळा पायऱ्या

फोन वाजला तेव्हा राजेश्री व्हेनिसमध्ये होती. म्हणजे होती परभणीतच, वसमत रोडच्या मागच्या गल्लीत, कूलरच्या तोंडाशी खुर्ची ओढून बसलेली. पण दुपारपासून तिचं सगळं चित्त व्हेनिसच्या होड्यांमध्ये होतं, आणि ज्येष्ठांनी होडीत चढताना कोणता पाय आधी टाकावा हे ती मोठ्या अधिकारानं लिहीत होती. रविवारचे पावणेसहा वाजत होते. फोनवर नाव होतं, 'दुधाटे काका, मानवत'.

"हॅलो, राजेश्रीबाई का? मी चंद्रभान दुधाटे बोलायलोय. ल्युसर्नातून." ल्युसर्नातून हे त्यांनी सेलूतून म्हणावं इतक्या सहज म्हटलं. "शेर बघितला, पूल बघितला, समदं तुमी लिवलं तसंच हाय. पर त्या सोळा पायऱ्या काय घावंनात बाई. ही तर हट्टाला पेटलीय. ओटी घेऊन उभी हाय पिशवीत."

राजेश्री खुर्चीत ताठ बसली. पण तिचं तोंड सराईतपणे बोलून गेलं, "पूल डाव्या हाताला ठेवा काका, आणि काठाकाठानं सरळ पुढं चला. दीडशे पावलं. सापडतील."

"दीडशे ना? मंग ठीक. आता पुढं फोन लागायचा न्हाई बरं का. ह्या आइस्क्रीमच्या दुकानापाशी वायफाय हाय तेवढंच. बस साडेसहाला हाय, आपल्या टायमानं. हिच्या घड्याळात अजून मानवतचाच टाइम हाय." मागून एका बाईचा आवाज आला, "चला की आता, किती बोलायलाव!" आणि फोन बंद झाला.

आता आडपडदा कशाला ठेवायचा? त्या पायऱ्या नव्हत्याच. निदान तशा पायऱ्या ल्युसर्नमध्ये कुठं आहेत याचा राजेश्रीला काडीचा पत्ता नव्हता, कारण ती ल्युसर्नला कधी गेलेलीच नव्हती. ल्युसर्न राहू द्या, मुंबईच्या विमानतळाचं दारसुद्धा तिनं आतून बघितलेलं नव्हतं. पासपोर्ट होता. मोठ्या हौसेनं काढलेला, कपाटात साड्यांच्या खाली कोरा करकरीत पडलेला. ज्येष्ठ मंडळींना युरोप दाखवून आणणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीसाठी ती घरबसल्या पुस्तिका लिहायची. एका गावाची एक, वीस पानांची, मोठ्या टायपात. काय पाहावं, काय करावं, कुठं टेकावं, कुठं जपून चालावं. नोकरीच्या वेळी कंपनीच्या मॅडमनी फोनवर विचारलं होतं, "तुम्ही स्वतः जाऊन आला आहात ना?" आणि राजेश्रीनं एक क्षण थांबून म्हटलं होतं, "हो, एकदा. आठ दिवस." झालं. एवढंच. त्यात काही फार मोठं पाप केलं असं तेव्हा वाटलंही नाही. तिशी उलटलेल्या, लग्न मोडून माहेरी आलेल्या बाईला परभणीत बसून मिळणारं ते एकमेव धड काम होतं, आणि ते तिला हवं होतं. मग ते आठ दिवस हळूहळू घरभर पसरले. गल्लीतल्या बायका तिला फॉरेनवाली म्हणायला लागल्या. संक्रांतीला महिला मंडळानं 'मी पाहिलेला युरोप' या विषयावर बोलायला बोलावलं, तर ती चाळीस मिनिटं बोलली, न अडखळता, आणि शेवटी त्यांनी दिलेली शालही तिनं घेतली. त्या शालीची घडी अजून मोडलेली नाही.

तसं बघितलं तर ल्युसर्न तिला पाठ होतं. छप्पर असलेला तो जुना लाकडी पूल, छपराखाली आढ्याला लावलेली तिकोनी चित्रं, त्यातली कितीतरी एका आगीत गेलेली; पाण्यातच उभा असलेला आठ कोनांचा बुरूज; खडकात कोरलेला, बरगडीत भाला रुतलेला तो सिंह, ज्याच्यापुढं बडबडी माणसंही दोन मिनिटं गप्प होतात असं तिनं लिहिलं होतं; चाकाची जुनी आगबोट, दात्यांच्या रुळावरून डोंगर चढणारी गाडी, घड्याळांची दुकानं, हंस. नकाशावर बोट ठेवून ती त्या गावात इतक्या वेळा हिंडली होती की परभणीच्या स्टेशनामागची वस्ती तिला तितकी ठाऊक नव्हती. तरी मॅडमचा शेरा आला होता: सगळं बरोबर आहे, पण कोरडं आहे; तुम्ही तिथं कुठं तरी निवांत बसला असाल ना, ते लिहा. तीन वर्षांपूर्वीचा एप्रिल होता तो. बाहेर त्रेचाळीस, लाइट गेलेली, बॅटरी उतरत चाललेली. कुठं बसले असेन मी, असं म्हणून तिनं डोळे मिटले, आणि डोळ्यांपुढं जी जागा आली ती तिनं लिहून टाकली. पुलापासून दीडशे पावलांवर, झाडाखाली, सोळा दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. मधल्या पायरीवर बसा. काही बघू नका. पाणी तुमच्यापर्यंत येतं.

ते पाणी येलदरीचं होतं. अण्णा, म्हणजे तिचे वडील नागनाथ, धरणाच्या वीजघरात ऑपरेटर होते, आणि वसाहतीच्या मागं पूर्णा नदीत उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. विजेचे संच चालू झाले की खालचं पाणी चढायचं. अण्णा ड्युटीवरून आले की चपला काढता काढता सांगायचे, "आज दोन सेट सुरू हायेत, सहाव्या पायरीपतुर येतंय बघ पाणी," आणि पाणी खरंच खालून सहाव्या पायरीपर्यंत येऊन थांबायचं. सात वर्षांच्या पोरीला वाटायचं, अण्णा म्हणतात म्हणून येतं. ती सातवीवर बसून वाट बघायची, पायाची बोटं सहावीवर टेकवून. मासे धरणारे लोक पलीकडून ओरडायचे, आई हाका मारायची, ती हलायची नाही. पुढं आयुष्यात ती पुष्कळ ठिकाणी बसली. सासरी ओट्यापाशी, कोर्टाच्या बाकावर, या कूलरपुढं. पण जिथं बसली तिथं मनातून कुणी तरी तिला आता ऊठ म्हणतच राहिलं. त्यामुळं त्या एप्रिलच्या दुपारी लिहिताना तिला आपण खोटं लिहितोय असं वाटलंच नव्हतं, उलट त्या वीस पानांत तेवढीच एक गोष्ट खरी आहे असं वाटलं होतं. पुस्तिका छापून आल्यावर तिनं तो परिच्छेद अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवला. टर्बाइनच्या आवाजानं अण्णांचे कान गेलेले, त्यामुळं दोनदा वाचावा लागला. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोळा? आपल्या तर चौदाच व्हत्या." आणि टीव्हीकडं वळले. राजेश्री तेव्हा पोट धरून हसली होती.

मॅडमना तो परिच्छेद भयंकर आवडला. लोकांनाही. आणि गंमत बघा, तीन वर्षांत प्रवाशांच्या बारा तुकड्या ल्युसर्नला जाऊन आल्या, पण पायऱ्या नव्हत्या असं एकानंही कधी म्हटलं नाही. आपल्यालाच सापडल्या नाहीत हे कबूल कोण करणार? उलट नांदेडच्या एका निवृत्त प्राचार्यांनी तर परत आल्यावर फोन करून सांगितलं, "तुमच्या पायऱ्यांवर बसून आलो बरं का, अगदी समाधी लागली." तो फोन ठेवल्यावर राजेश्री बराच वेळ हातात तसाच फोन धरून बसली होती. मग तिलाही वाटायला लागलं की असतील. एवढा मोठा काठ, कुठं तरी पायऱ्या असणारच की. असं म्हणत म्हणत तीन वर्षं गेली.

आणि आता कडूबाई, म्हणजे दुधाटे काकू. त्यांचा आवाज तिनं यापूर्वी एकदाच ऐकला होता, निघायच्या आठ दिवस आधी. काकांनी फोन लावून दिला होता आणि काकू पहिल्याच वाक्याला मुद्द्यावर आल्या होत्या. "बाई, मला सांग, त्या तळ्याच्या पाण्यापतुर हात पोचतोय का? मला ओटी भरायची हाय." नवं मोठं पाणी बघितलं की त्याची ओटी भरल्याशिवाय काकू मागं फिरत नव्हत्या. सासूनं तसं घालून दिलं होतं. गंगाखेडला गोदावरीची भरली, ओंकारेश्वरला नर्मदेची भरली, पोरगा कोकणात घेऊन गेला तर समुद्राचीही भरली, लाटेनं अर्धी अंगावर आली तरी. "पाणी कुणाचं का असंना, बाईच हाय ती. रिकाम्या हातानं कसं जावं तिच्या दारात?" राजेश्रीला तो आवाज इतका आवडला की तिला त्या बाईला काहीतरी द्यावंसं वाटलं. "पोचेल की काकू," ती म्हणाली होती, "शेवटची पायरी पाण्यातच आहे. आणि धरायला साखळीपण आहे." साखळी! पुस्तिकेतसुद्धा साखळी नव्हती. ती त्या क्षणी, केवळ मायेपोटी, राजेश्रीनं बसवून दिली. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले होते, त्या म्हणाल्या होत्या, साखळी हाय म्हणल्यावर काय फिकीर न्हाई.

पाच अठ्ठेचाळीस. राजेश्रीनं लॅपटॉपवरचं व्हेनिस बंद केलं आणि नकाशा उघडला. पूल डाव्या हाताला ठेवा, असं आपण म्हणालो. पण कुठल्या तीरावरून? आइस्क्रीमचं दुकान अलीकडं की पलीकडं? एका बाजूनं गेलं तर पूल डाव्या हाताला राहून माणूस तळ्याकडं जातो, तिथं रुंद फरसबंदी रस्ता, बाकडी, झाडं, काही चिंता नाही. दुसऱ्या बाजूनं गेलं तर नदीच्या अंगानं खाली, बसपासून लांब. आणि तळ्यातून सुटलेली ती नदी तिथं जोरात धावते. हे तिनंच लिहिलं होतं, पान सात, चौकटीत: पाण्याला ओढ आहे, कठड्यावर रेलू नका. त्याच पुस्तिकेत पान नऊवर पायऱ्या होत्या. म्हणजे दोन पानांच्या अंतरावर एकदा खरं आणि एकदा खोटं, आणि त्या बाईनं विश्वास ठेवायला पान नऊ निवडलं. दीडशे पावलं झाली असतील. मग काकू म्हणतील, आपली पावलं बारकी हायेत, अजून जरा चला. दोनशे होतील. पाचशे होतील. राजेश्रीला त्या दोघांची पाठ दिसायला लागली. काकांचं पांढरं धोतर की पँट घातली असेल कुणास ठाऊक, काकूंचं नऊवारीवर चढवलेलं स्वेटर, पायात बूट, हातात कापडी पिशवी. ऑपरेशनचा पाय जरासा फाकून टाकत चाललेली ती बाई. माझ्या शब्दावर चाललीय, तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःची एवढी किळस आली की तिनं पंख्याखाली उभं राहून पदरानं तोंड पुसलं.

तिनं आदिनाथला फोन लावला. आदिनाथ म्हणजे तुकडीबरोबर गेलेला टूर मॅनेजर, चुणचुणीत पोरगा, पण फोन नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा. पुण्याचं ऑफिस रविवारचं बंद. काकांना लावून बघितला तर तोही गप्प. आतल्या खोलीत अण्णांचा टीव्ही मोठ्यानं चालू होता, कुठल्या तरी बातम्या, कुणीतरी कुणावर तरी ओरडत होतं. राजेश्री दारात जाऊन उभी राहिली. समोरच्या वैष्णवीच्या आईनं अंगणात पाणी मारायला घेतलं होतं. "काय गं, आज लिहायली न्हाईस का?" तिनं विचारलं. "लिहायलेय ना," राजेश्री म्हणाली आणि आत आली. महिला मंडळाच्या वतीनं याच बाईनं तिला शाल दिली होती. उद्या हिला कळेल. कळलं की दुपारपर्यंत गल्लीला कळेल, आणि संध्याकाळी दूध आणायला जाताना सगळ्या ओट्यांवरचं बोलणं एकदम थांबेल. लग्न मोडून आली तेव्हा थांबलं होतं तसंच. ते थांबणं तिला ठाऊक होतं. त्याची तिला भीती वाटत होती, अगदी लहान पोरीसारखी भीती वाटत होती, आणि एकीकडं घड्याळात पाच बावन्न झाले होते.

एक रस्ता होता. तुकडीचा व्हॉट्सॲप गट होता, 'अमृत युरोप, तुकडी तेरा'. अडतीस प्रवासी, आदिनाथ, पुण्याच्या मॅडम आणि कोपऱ्यात राजेश्री. तिथं लिहिलं की कुणाच्या ना कुणाच्या फोनला वायफाय लागलेलं असणार, कुणी तरी वाचणार, कुणी तरी धावणार. तिनं गट उघडला. मंडळींनी सिंहाचे फोटो टाकले होते, सगळे सिंहाकडं पाठ करून उभे. ती लिहायला लागली आणि बोटांनी आपोआप वाक्य जुळवलं: 'ल्युसर्नमधील सोळा पायऱ्या सध्या दुरुस्तीसाठी बंद आहेत, कृपया कुणीही तिकडे जाऊ नये.' वाचून तिचं तिलाच नवल वाटलं. किती नीट. कुणाचं काही गेलं नाही, काका-काकू परत फिरतील, मॅडम खूश, गल्ली गप्प, नोकरी शाबूत. अंगठा पाठवायच्या खुणेवर आला सुद्धा.

आणि तिला कडूबाई दिसल्या. बंद हाय म्हणल्यावर कडूबाई काय करतील? अहो, आपल्याकडं बंद असलेला घाट कुणी बंद मानलाय का? दुरुस्तीची पाटी असो, आडवा बांबू असो, दोरी असो, बाया बाजूनं वाट काढतातच. एकीनं पदर खोचला की दुसरी मागनं येते. आईबरोबर येलदरीला राजेश्री स्वतः तशी किती वेळा उतरली होती, तारेच्या खालून, डोकं वाकवून. बंद हाय म्हणजे हाय, एवढंच कडूबाईंना ऐकू येणार. हाय तर मंग घावंल. आन् साखळी तर हायच धरायला. ती बाई कठड्यावरून पाय टाकील. आठ महिन्यांचा गुडघा, ओढीचं पाणी, आणि हात शोधत असेल साखळी. राजेश्रीनं अंगठा उचलला. हे वाक्य काही चालायचं नाही. बंद म्हणून भागणार नव्हतं, सापडत नाहीत म्हणूनही भागणार नव्हतं. त्या नाहीतच, असंच सांगायला लागणार होतं, आणि नाहीत हे तुला कसं ठाऊक, म्हणून कुणी विचारायच्या आत पुढचंही सांगायला लागणार होतं. नाही तर त्या बाईनं ते मानलंच नसतं.

तिनं एकेक अक्षर खोडलं. आणि मग एकदा ठरल्यावर ती थांबली नाही. 'सर्वांना नमस्कार. दुधाटे काका-काकू दिसतील तिथं त्यांना थांबवा. ते नदीकाठानं पायऱ्या शोधत गेलेत. तिथं पायऱ्या नाहीत, साखळीही नाही. ते मी माझ्या मनानं लिहिलं. मी ल्युसर्नला किंवा युरोपात कुठंही कधी आलेले नाही. काकूंना पाण्याकडं उतरू देऊ नका. राजेश्री, परभणी.' पुन्हा वाचलं तर राहून जाईल, म्हणून न वाचताच तिनं ते पाठवलं.

काहीच झालं नाही. कूलर घरघरत होता, आतले लोक टीव्हीत ओरडत होते. दोन मिनिटं गेली. ती पडद्याकडं बघत खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. मग एक निळी खूण, मग तीन, मग सटासट सगळ्या. कुणीतरी लिहिलं, 'म्हणजे काय?' कुणीतरी: 'कमाल आहे!' एका बाईनं नुसतं उद्गारचिन्ह टाकलं. 'आम्ही काल बघितलेलं तरी खरं का?' असं एकानं विचारलं आणि त्यावर दोघांनी हसरी तोंडं लावली. राजेश्रीनं प्रत्येक ओळ वाचली. कान तापले होते, पण ती उठली नाही आणि फोनही पालथा घातला नाही. काकू कुठायत ते कुणी लिहील, एवढ्यासाठी ती एकेक टोमणा बाजूला सारून पुढची ओळ बघत होती. आदिनाथचा निरोप आला: 'मी सिंहापाशी होतो. निघालो. तुम्ही काय लिहिलंय ते तुम्हाला कळतंय ना?' तिनं उत्तर दिलं, 'कळतंय. तू नदीच्या बाजूनं जा. दुसऱ्यांना तळ्याच्या बाजूनं पाठव.' मग आबासाहेब नावाच्या कुणा प्रवाशानं लिहिलं: 'दोघं दुसऱ्या पुलापलीकडं जाताना दिसले होते. मी पळतो तिकडं.' आणि सगळ्यात शेवटी मॅडम, एकच ओळ: 'सोमवारी सकाळी फोन करा.' म्हणजे उद्याच. ती ओळ तिनं वाचली, आणि नोकरी गेली हे तिला स्वच्छ कळलं, आणि मग ती पुन्हा आबासाहेबांच्या ओळीकडं गेली. दुसऱ्या पुलापलीकडं. म्हणजे खालीच, ओढीच्या अंगाला.

सहा वाजून सात मिनिटांनी आदिनाथच्या नंबरवरून फोन आला. बोलत होते काका. धाप लागली होती. "बाई, हे आबासाहेब काय म्हणायलेत? पायऱ्या न्हाईत म्हणं?"

"नाहीत काका."

"तुमी हितं आलाच न्हाईत म्हणं?"

"नाही आले. कधीच नाही."

काकांचा आवाज चढला. "आवो, सत्तर वर्साची बाई मी पाऊण किलोमीटर चालवली तुमच्या शब्दावर! कठड्यावर पाय ठेवला व्हता हिनं, एक पाय पल्याड! ह्या माणसानं मागून दंड धरला म्हणून. शिकल्या-सवरल्या बाईनं असं करावं का? आमाला इंग्रजी येत न्हाई, तुमचं मराठी वाचून आमी चाललो ना?"

"हो काका," राजेश्री म्हणाली. "माझी चूक आहे. दुसऱ्या कुणाची नाही. काकू बऱ्या आहेत ना?"

"द्या हिकडं," मागून आवाज आला, आणि फोनमध्ये वारा घुसला. मग कडूबाई जवळून बोलल्या, अगदी कानाला तोंड लावल्यासारख्या. "तू साखळी हाय म्हणलीस मला."

"म्हणले काकू."

"कामून म्हणलीस?"

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून," राजेश्री म्हणाली. "आणि मला सगळं ठाऊक आहे असं तुम्हाला वाटावं म्हणून. खोटं बोलले."

"लय वंगाळ केलंस," कडूबाई म्हणाल्या. रागानं नाही, नुसत्या सांगितल्यासारख्या. "बरं. आता मी ओटी कुठं भरू, ते सांग."

मागं आदिनाथ कुणाला तरी सांगत होता की बस दहा मिनिटं थांबवतो, त्याहून जास्त नाही. राजेश्रीसमोर नकाशा उघडा होता. त्यात बघून काही तरी सांगता आलं असतं. इकडं वळा, तिकडं चार पावलं जा. तोंडाशी शब्द आलेही. तिनं लॅपटॉपचं झाकण खाली केलं.

"मला ठाऊक नाही काकू," ती म्हणाली. "मला तिथलं काहीच ठाऊक नाही. तुम्ही उभ्या आहात तिथून काय दिसतंय, तेवढं मला सांगा. आपण दोघी मिळून बघू."

वाऱ्याचा आवाज येत होता आणि कुठं तरी घंटा वाजत होती. "नदी पळायलीय," कडूबाई म्हणाल्या. "हितं न्हाई जमायचं, हिला दम न्हाई."

"मग हितं नकोच. तळ्याकडं चला, बस पण तिकडंच आहे. हळू चला. पाणी कुठं थांबलेलं दिसतंय ते बघा."

त्या चालायला लागल्या. आदिनाथ वाट दाखवत होता, काका मागून पुटपुटत होते. राजेश्रीनं मांडीवर वही ओढली, पेन घेतलं. पुढची सात-आठ मिनिटं ती नुसती विचारत राहिली आणि कडूबाई चालता चालता सांगत राहिल्या. ह्या रस्त्याला खडी न्हाई, पर दगड गुळगुळीत हाय, बूट घसरायलाय. हितं एक बाई म्हातारी, माझ्याच एवढी, सायकलवर बसून गेली बघ. पुलाच्या फळ्या पायाखाली वाजायल्यात. बाकड्यावर बसलेली माणसं बोलतच न्हाईत एकमेकांशी, भांडण झाल्यावानी. राजेश्री लिहून घेत होती. यातली एक ओळही तिच्या वीस पानांत नव्हती.

"हितं होड्या बांधल्यात," कडूबाई एकाएकी म्हणाल्या. "लाकडाची फळी गेलीय आत, बुटकी. पाणी टेकलंय फळीला. थांबलेलं हाय."

"आदिनाथला विचारा, चालेल का."

आदिनाथ तिथल्या कुणाशी तरी इंग्रजीत बोलला, पुन्हा बोलला. "चालतंय म्हणायलाय त्यो गोरा," काका म्हणाले, "पर पाण्यात काई टाकायचं न्हाई म्हणतोय."

"टाकत न्हाई, दावते नुसतं," कडूबाई म्हणाल्या. "नारळ तर त्या विमानवाल्यांनी काढूनच घेतला. धरा मला. आवो, नीट धरा."

मग फोन बहुतेक काकांच्या खिशात गेला. कापड घासल्याचा आवाज, फळी करकरल्याचा आवाज, आबासाहेबांचं "सावकाश, सावकाश", आणि कडूबाईंचं जोरात कण्हणं. राजेश्री खुर्चीतून उठली आणि उभी राहिली. उभं राहून काही उपयोग नव्हता, पण बसवेना. मग फोनमधून नुसता वारा येत राहिला. एवढा वेळ की ती "काकू? काकू?" करत राहिली, आणि अण्णा आतून बाहेर येऊन दारात थांबले, काय झालं म्हणून हातानं विचारत.

"पोचला हात," कडूबाईंचा आवाज आला. "खण लावला पाण्याला. तांदूळ, हळदी-कुंकू दावलं. हात धुवायलेय आता." आणि पाणी खळखळल्याचं खरंच ऐकू आलं. राजेश्रीनं भिंतीला पाठ टेकली.

"कसं आहे काकू पाणी?"

"गार हाय. लय गार, बोटं दुखायलीत. तळाचा दगड दिसायलाय, मोजून घ्यावा असा. आन् वास न्हाई बाई ह्या पाण्याला. कसलाच न्हाई. आपल्या पाण्याला असतोय." बस आली, चला, असं कुणीतरी लांबून म्हणत होतं. कडूबाईंनी तिकडं लक्ष दिलं नाही. "लिहायलीस का?"

"लिहायलेय काकू," राजेश्री म्हणाली. "जरा हळू सांगा."